विस्मरण आणि मेंदूतील वीज

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील वडीलधाऱ्या माणसाला चष्मा कोठे ठेवला ते आठवेनासे झाले म्हणजे ती आपण हसत हसत उच्चारतो आणि पुढच्या कामाला लागतो. काही दिवसांनी चष्म्याच्या जागी नातवाचे नाव येते, मग राहत्या घराचा रस्ता येतो आणि तेव्हा हसणे थांबते. म्हणीने मनात भरवलेली समजूत मात्र कायम राहते. म्हातारपणीचा विसर म्हणजे समईतील तेल सरत जाणे. ज्योत मंदावते, मंदावतच जाते, आणि त्यावर इलाज नाही, अशी ती समजूत होय. वाचकहो, आज या सदरात जी हकीगत सांगावयाची आहे, ती या समजुतीला छेद देणारी आहे. अल्झायमरच्या विकाराने ग्रासलेल्या कित्येक मेंदूंत निदान काही काळ तरी ज्योत अवेळी आणि बेताल भडकत असते. आणि तीही बहुधा रात्री, सारे घर झोपलेले असताना, कोणाच्याही नकळत.

हा विकार सव्वाशे वर्षांपूर्वी जगापुढे आला. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. तिची काळजीपूर्वक तपासणी करणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथील सभेत डॉक्टरांनी आपली निरीक्षणे मांडली. मेंदूतील पेशींच्या बाहेर एक प्रकारचे किटण साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. त्या किटणाला आज बीटा-अमायलॉइड म्हणून ओळखतात, तर गुंते ज्या प्रथिनाचे असतात त्याचे नाव टाऊ. १९१० साली क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरांचे नाव दिले. आपल्या देशापुरते बोलावयाचे, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसांना, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. त्यांत अल्झायमरचा वाटा मोठा.

आता विजेकडे वळू. आपल्या मेंदूतील प्रत्येक मज्जापेशी शेजारणीला निरोप पाठविते तो विजेच्या सूक्ष्म स्पंदनाने. अशा असंख्य स्पंदनांचा मिळून जो गलबला होतो, त्याचा क्षीण पडसाद कवटीच्या बाहेर, डोक्याच्या कातडीवरही टिपता येतो. तो टिपण्याचे काम १९२४ साली जर्मनीतीलच येना या गावी हान्स बर्गर यांनी प्रथम केले, आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. या गृहस्थांच्या शोधाची प्रेरणा मोठी विलक्षण होती. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले; त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीच्या मनात भावाविषयी अशुभ शंका आली आणि वडिलांनी तार करून खुशाली विचारली. एका मनाचा निरोप दुसऱ्या मनाला पोहोचतो तो कोणत्या शक्तीने, हे शोधावयाचे म्हणून बर्गर या मार्गाला लागले. मनोमन संदेशाचा पत्ता त्यांना लागला नाही तो नाहीच. पण मेंदूचा विद्युत् आलेख, म्हणजेच आज गावोगावच्या रुग्णालयांत होणारी ‘ई.ई.जी.’ ही तपासणी, जगाला मिळाली. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी पडताळा घेईपर्यंत बर्गरांवर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता.

निरोगी माणूस जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसला, की त्याच्या आलेखात सेकंदाला आठ ते तेरा आंदोलनांची एक संथ लय उमटते. अल्झायमरच्या रुग्णांत ही लय मंदावते, हे खुद्द बर्गर यांच्याच काळापासून ठाऊक आहे. समईतील तेल सरण्याच्या कल्पनेशी हे जुळणारेच होते. म्हणून वैद्यकही पुष्कळ वर्षे त्यावर समाधान मानून राहिले. या विकाराच्या काही रुग्णांना फेफरे येते, हेही डॉक्टर पाहत होते. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण शेकडा दहा ते वीस रुग्णांपर्यंत दिसते, आणि ज्यांना हा विकार तरुण वयात किंवा आनुवंशिकतेने जडतो त्यांच्यात ते अधिक. तथापि मेंदू पुरता झिजला, की शेवटी असे व्हायचेच, असा त्याचा अर्थ लावला जाई. फेफरे हा झिजेचा परिणाम मानला गेला. झिजेला त्याचा हातभार लागत असेल, ही शंका फारशी कोणाला आली नाही.

त्या शंकेला जोर आला तो उंदरांमुळे. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्लॅडस्टन संस्थेत होर्हे पालोप, लेनार्ट मुके आणि त्यांचे सहकारी अशा उंदरांवर संशोधन करीत होते, की ज्यांच्यात मानवी अमायलॉइड निर्माण करणारे जनुक घातलेले होते. हे उंदीर विसराळू होते. अमायलॉइडमुळे मज्जापेशी मुक्या होतात, अशी त्या वेळची सर्वसाधारण धारणा. परंतु त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवून आलेख घेतला, तेव्हा कागदावर अपस्माराच्या टोकदार उसळ्यांची रांगच उमटली. नवल असे, की त्या क्षणी उंदीर पिंजऱ्यात स्वस्थ बसलेला असे. ना झटका, ना तडफड. वादळ होते ते सारे आतल्या आत. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी म्यूनिच येथील बुशे, कोनर्थ प्रभृतींनी सूक्ष्मदर्शकातून जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावून दाखविले, की अमायलॉइडच्या किटणाच्या अगदी आसपासच्या कित्येक पेशी मर्यादेबाहेर चाळवलेल्या असतात. काही पेशी मुक्या झालेल्या, तर काही अखंड बडबडणाऱ्या, असा तो संसार होता.

असे का व्हावे? मेंदूतील पेशी स्थूलमानाने दोन स्वभावांच्या असतात. पहिल्या चेतविणाऱ्या, दुसऱ्या आवरणाऱ्या. भजनात टाळकरी कितीही रंगले तरी पखवाजी ठेका सोडत नाही, म्हणून मेळ राहतो. आवरणाऱ्या पेशींचे काम तसेच आहे. २०१२ साली ग्लॅडस्टनच्याच संशोधकांना आढळले, की त्या उंदरांतील आवरणाऱ्या पेशींच्या एका महत्त्वाच्या गटात विजेचे स्पंदन उठविण्यासाठी लागणारे सोडियमचे एक विशिष्ट द्वार कमी पडले होते. ठेकाच ढिला पडला, मग टाळ सुटले यात नवल काय? याला आणखी एक पदर आहे. सेंट लुई येथील सिरिटो आणि होल्ट्झमन यांनी २००५ मध्ये दाखविले होते, की मज्जापेशींची विद्युत् हालचाल वाढली म्हणजे पेशींभोवतीच्या द्रवातील अमायलॉइडही वाढते. म्हणजे अमायलॉइडमुळे पेशी चाळवतात आणि चाळवलेल्या पेशींमुळे अमायलॉइड वाढते. दुष्टचक्र ते हेच.

उंदरांचे झाले, माणसांचे काय, असे आपण विचाराल, आणि ते विचारणे रास्त आहे. मुष्कील अशी, की साधा विद्युत् आलेख वीस-तीस मिनिटांचा, तोही दिवसा, जागेपणी घेतात. ॲमस्टरडॅमच्या स्मृतिचिकित्सालयात सोळाशेहून अधिक रुग्णांचे असे आलेख तपासले, तेव्हा अपस्मारसदृश उसळ्या शेकडा सुमारे तीन जणांतच सापडल्या; हा अहवाल २०१० चा. एवढ्यावर कोणीही म्हणावे, की यात काही अर्थ नाही. परंतु २०१६ मध्ये कीथ व्हॉसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी रीत अवलंबिली. ज्यांना पूर्वी कधीही फेफरे आले नव्हते अशा अल्झायमरच्या तेहतीस रुग्णांचा आलेख त्यांनी रात्रभर घेतला. शिवाय मेंदूतील विजेमुळे उत्पन्न होणारे सूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रानेही तासभर तपासणी केली. तेहतिसांपैकी चौदा जणांत उसळ्या आढळल्या. त्याच वयाच्या एकोणीस निरोगी माणसांपैकी दोघांत. ज्यांच्या मेंदूत त्या होत्या, त्यांची पुढील काळात बुद्धीची घसरण इतरांपेक्षा अधिक वेगाने झाली.

२०१७ मध्ये बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील ॲलिस लॅम यांच्या गटाने प्रसिद्ध केलेली हकीगत तर फारच बोलकी आहे. आठवणी घडविणारा मेंदूचा भाग हिप्पोकॅम्पस म्हणून ओळखला जातो. तो कानशिलाच्या आत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा असतो. देवळाच्या आवाराबाहेर उभे राहून गाभाऱ्यातील पुटपुट ऐकू येऊ नये, तशी तेथली खळबळ डोक्याच्या कातडीवर लावलेल्या तारांना सहसा कळत नाही. या डॉक्टरांनी अल्झायमरच्या दोन रुग्णांच्या बाबतीत गालातून बारीक तारा घालून, कवटीच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रातून त्या हिप्पोकॅम्पसच्या लगत नेल्या. दोघांनाही फेफऱ्याचा पूर्वेतिहास नव्हता. बाहेरचा आलेखही तसे काही सांगत नव्हता. आत मात्र उसळ्यांचा आणि प्रत्यक्ष झटक्यांचा धुमाकूळ चालला होता, आणि तो प्रामुख्याने झोपेत. बाहेरील तारांवर त्यातील बहुतांश भागाचा मागमूसही नव्हता.

झोपेतच का, हा प्रश्न मला या साऱ्या प्रकरणातील मर्माचा वाटतो. दिवसभरात जे पाहिले, ऐकले, अनुभविले, त्यातील ठेवण्याजोगे निवडून पक्के करण्याचे काम मेंदू रात्री करतो. हिप्पोकॅम्पसमध्ये तात्पुरते टिपलेले त्या वेळी मेंदूच्या बाह्य स्तराकडे पोहोचते. दुकान बंद झाल्यावर दिवाणजीने कच्च्या वहीतील रकमा खातेवहीत चढवाव्यात, तसे. नेमक्या त्याच वेळी दिवाणजीचा हात कोणी हिसडला, तर सकाळी खातेवहीत काय सापडणार? आई काल सायंकाळी मुलीशी फोनवर अर्धा तास बोलली आणि आज सकाळी तिला त्याचा पत्ताही नाही, असे घडते तेव्हा ते बोलणे कानी पडले नव्हते असे नाही. ते रात्री खातेवहीपर्यंत पोहोचले नसावे. प्रत्येक रुग्णात हेच घडते, असे म्हणण्याइतका पुरावा अद्याप नाही. पण दिशा ती आहे.

येथे थोडे थांबून उत्साहाला लगाम घालणे मला आवश्यक वाटते. निरनिराळ्या संशोधकांना आढळलेल्या प्रमाणांत फार तफावत आहे. कोठे ते निम्म्यापर्यंत जाते, कोठे निरोगी वृद्धांहून फारसे वेगळे नसते. आलेख किती वेळ घेतला, झोप कितपत लागली, आणि वाचणारा तज्ज्ञ कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते. वार्धक्यात आलेखात निरुपद्रवी टोके दिसतात. उतावळ्या डोळ्याला ती अपस्माराची वाटतात. तेव्हा अहवालावरील एका ओळीने घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि त्या ओळीच्या आधारे आयुष्यभराचे औषध सुरू करणेही शहाणपणाचे नाही.

औषधाचा विषय निघालाच आहे. लेव्हेटिरासिटॅम नावाचे अपस्मारावरील एक औषध आपल्या देशात सर्रास मिळते. २०१२ साली ग्लॅडस्टन संस्थेतच ते उंदरांना दिले असता उसळ्या ओसरल्या आणि उंदरांची स्मृती सुधारली. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विस्मरणाची सौम्य सुरुवात झालेल्या वृद्धांना ते अत्यल्प मात्रेत देऊन पाहिले. हिप्पोकॅम्पसमधील फाजील हालचाल कमी झाली आणि स्मृतीच्या एका चाचणीत त्यांची कामगिरी उंचावली. मग मोठी आशा वाटणे साहजिक होते. २०२१ मध्ये व्हॉसेल यांच्या गटाने अल्झायमरच्या चौतीस रुग्णांवर रीतसर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना काही काळ खरे औषध, काही काळ खोटी गोळी दिली होती आणि केव्हा कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते. सरसकट पाहता लाभ दिसला नाही. परंतु ज्यांच्या मेंदूत उसळ्या सापडल्या होत्या तेवढ्यांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा रस्ता लक्षात ठेवण्याच्या आणि मन एकाग्र करून विचार करण्याच्या चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली. सारांश, हे अल्झायमरचे औषध नव्हे; झालाच तर उसळ्या असलेल्यांना त्याचा उपयोग होईल, आणि तोही मोठ्या प्रयोगांतून सिद्ध व्हावयाचा आहे. त्याने काहींना गुंगी येते, काही चिडखोर होतात; मूत्रपिंडे थकलेली असल्यास मात्रा कमी करावी लागते. शेजारच्या आजोबांना बरे वाटले म्हणून आपल्या आजोबांसाठी दुकानातून आणावे, असे ते नाही.

मग घरच्या माणसांनी करावयाचे काय? माझ्या मते पुष्कळ. डॉक्टर रुग्णाला पंधरा मिनिटे पाहतात. आपण त्याला रात्रंदिवस पाहतो. अल्झायमरचा विसर हळूहळू, महिन्यामहिन्यांनी वाढतो. त्यात एकाएकी पडणारे खड्डे वेगळे ओळखावे. बोलता बोलता मध्येच थांबून मिनिट-दोन मिनिटे शून्यात टक लावणे. हाक मारली तरी उत्तर न देणे. त्याच वेळी ओठ चाटणे, चघळल्यासारखे तोंड हलविणे, पदराशी किंवा बंडीच्या गुंडीशी उगाच चाळा करणे. नसलेला वास येणे. शब्द अवचित नाहीसे होऊन थोड्या वेळाने परत येणे. हाताला झटका बसून चहाची कपबशी उडणे. एक दिवस ठीक, दुसऱ्या दिवशी पार गोंधळ, असे विनाकारण चढउतार होत असतील तर त्यांचीही दखल घ्यावी. अर्थात् अशा चढउतारांना जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम घटणे, नवी औषधे अशी इतर कारणेही असतात, आणि ती आधी पाहावी लागतात.

एका गोष्टीविषयी विशेष सांगावेसे वाटते. आपण या साऱ्याला ‘चक्कर आली’ एवढेच म्हणतो. भोवळ, अशक्तपणा, शुद्ध हरपणे, घटकाभर भांबावणे, सारे त्या एका शब्दात कोंबले जाते. डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि शक्तीची गोळी देतात. त्यात आपण इंदूरला, हैदराबादला किंवा बंगळूरला असलो आणि डॉक्टरांशी हिंदीत वा इंग्रजीत बोलावे लागले, की वर्णन आणखी आटते. म्हणून नाव न देता जे दिसले ते सांगावे. तारीख, वेळ, किती मिनिटे, झोपेतून उठल्यावर की जेवणानंतर, आधी काय चालले होते, नंतर किती वेळ गोंधळ राहिला, हे एका वहीत लिहून ठेवावे. हाताशी मोबाईल असल्यास चित्रण करावे. दहा वाक्यांनी कळणार नाही ते त्यातून कळते.

ही वही अशाही एका माणसाला वाचवू शकते, ज्याला अल्झायमर मुळी नाहीच. पन्नाशी-साठीच्या सुमारास काहींना अपस्माराचा असा प्रकार होतो, की त्यात झटका येत नाही, शुद्ध जात नाही. फक्त अर्ध्या-पाऊण तासापुरती स्मृती नाहीशी होते. पुष्कळदा हे सकाळी जाग येताच होते. माणूस चालतो, बोलतो, पण ‘आज वार कोणता? आपण कोठे आहोत?’ हेच पुन्हा पुन्हा विचारीत राहतो, आणि नंतर त्याला त्यातले फारसे काही आठवत नाही. याची लक्षणे निश्चित करण्याचे काम ॲडम झेमन आदी ब्रिटिश डॉक्टरांनी १९९८ मध्ये केले. या रुग्णांवर अल्झायमरचा शिक्का बसण्याचा धोका असतो. वस्तुतः अपस्माराच्या औषधाच्या अल्प मात्रेने त्यांचे हे प्रसंग बहुधा थांबतात.

शंका आल्यास मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे, आणि विद्युत् आलेख काढावयाचा ठरला तर त्यात झोपेचा भाग घेता येईल का, हे अवश्य विचारावे. जिल्ह्याच्या गावी रात्रभराचा आलेख होण्याची सोय क्वचितच असते. परंतु आदल्या रात्री जागरण घडवून दुपारच्या झोपेत आलेख घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. वृद्धाला जागरण सोसेल की नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. कोठे जावे हे कळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ या विनामूल्य दूरध्वनी सेवेवर चौकशी करता येते.

उघड फेफरे आलेच, तर नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर लगेच रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना रुग्ण घेत असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी बरोबर न्यावी, त्यात वेदनाशामक, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्याही आल्या. ट्रॅमाडॉलसारखी काही औषधे फेफरे येण्याची शक्यता वाढवितात. सर्दीवरील कित्येक जुन्या गोळ्या वृद्धांची स्मृती गढूळ करतात. आणि नियमित चाललेली झोपेची गोळी एकाएकी बंद केल्यानेही झटका येऊ शकतो. त्यांतील कोणती ठेवावयाची आणि कोणती कमी करावयाची, हा निर्णय ती पिशवी समोर उघडून डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे. घरच्या घरी एकही गोळी बंद करू नये.